तार सोडलेला स्नेअर: ‘सेंट अँगर’ आणि सांगलीतले पाच श्रोते

मेटॅलिका या अमेरिकी हेवी मेटल बँडचा ‘सेंट अँगर’ हा अल्बम ५ जून २००३ रोजी आला. अमेरिकेत बिलबोर्डच्या यादीत तो थेट पहिल्या क्रमांकावर गेला आणि पुढच्या वर्षी त्याच्या शीर्षकगीताला मेटल विभागातलं ग्रॅमीही मिळालं. एवढं होऊनही बँडच्या जुन्या चाहत्यांनी त्याला घरात घेतलं नाही. गायक लू रीडबरोबर केलेला २०११ चा ‘लुलू’ सोडला, तर मेटॅलिकाच्या नावावर इतके वाद ओढवून घेणारं दुसरं काम नाही. गेल्या काही वर्षांत मात्र याच अल्बमकडे लोक परत वळू लागले आहेत. हे परत वळणं नेमकं कसं घडतं, कशामुळे घडतं आणि ते कितपत विश्वासाचं मानावं, हे तपासण्यासाठी मी एक छोटं प्रकरण इथे मांडतो आहे. सांगलीतल्या पाच श्रोत्यांचं. त्यातला एक मी.

२००३ साली आम्ही पाचही जण विश्रामबाग परिसरात राहून इंजिनिअरिंग शिकत होतो. आज एकाची मार्केट यार्डात हळदीची अडत आहे, एक मिरजेत बँकेत आहे, एक कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो, एक पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि सुट्टीला गावी येतो. त्या वेळी पाचही जणांनी एकमतानं ‘सेंट अँगर’ टाकून दिला होता. वीस वर्षं उलटल्यावर बँकवाल्यानं तो पुन्हा ऐकायचा विषय काढला आणि अडत्यानं आपल्या घराचा वरचा मजला दिला.

पहिला निकाल कसा लागला होता

आधी त्या पहिल्या निकालाची तपासणी करावी लागली. आम्हाला वाटायचं की आम्ही तो अल्बम नीट ऐकून नाकारला. आठवणी एकमेकांसमोर ठेवल्यावर दिसलं, की पाचांपैकी कोणीही तो सलग शेवटपर्यंत ऐकला नव्हता. अकरा गाणी, सव्वा तासाची लांबी, आणि एकही गाणं पाच मिनिटांच्या आत संपत नाही. आम्ही ऐकलं होतं ते शीर्षकगीत, ‘फ्रँटिक’ आणि आणखी एखाद-दोन तुकडे. तेही कोणीतरी सायबर कॅफेतून उतरवलेल्या १२८ केबीपीएसच्या, म्हणजे हलक्या दर्जाच्या, एमपीथ्री फायलींवर, संगणकाच्या टेबलावरच्या दोन छोट्या स्पीकरमधून. इंटरनेटवरून गाणी फुकट वाटू देणाऱ्या नॅपस्टरविरुद्ध २००० साली कोर्टात गेलेल्या बँडचं नवं काम सांगलीच्या पोरांपर्यंत पोचलं ते असं.

स्पीकरचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण आमच्या भौतिकशास्त्रवाल्यानं तो सोडला नाही, आणि बरं झालं. ‘सेंट अँगर’मधल्या गिटारी बऱ्याच ठिकाणी खाली उतरवून लावलेल्या आहेत. सगळ्यात जाड तार नेहमीच्या ‘ई’ऐवजी ‘सी’वर आणलेली. म्हणजे सुमारे ८२ हर्ट्झचा स्वर ६५ हर्ट्झवर उतरला. टेबलावरचे ते प्लास्टिकचे स्पीकर शंभर हर्ट्झच्या खाली जवळजवळ काहीच देत नाहीत. म्हणजे त्या अल्बमचं वजन जिथे होतं, तो भागच आमच्या खोलीत पोचत नव्हता. पोचत होता तो ड्रम्समधला स्नेअर, कारण त्याची घणघण बरोबर त्या स्पीकरच्या पट्ट्यात बसते. त्यानं जुने स्पीकर माळ्यावरून काढले, त्याच दर्जाची फाइल तयार केली आणि तेच गाणं आधी त्यावर, मग चांगल्या स्पीकरवर लावलं. पहिल्यात पत्र्याचा डबा वाजत होता. दुसऱ्यातही स्नेअर तसाच होता, पण त्याच्या खाली जमीन होती.

यावरून सगळा दोष स्पीकरवर ढकलता येत नाही. अमेरिकेत उत्तम यंत्रणेवर ऐकणाऱ्यांनीही या अल्बमला तेव्हा झोडपलं होतंच.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आम्ही पाचांपैकी तिघं तेव्हा गिटार शिकत होतो. बँडचा गिटारवादक कर्क हॅमेट याचे सोलो, म्हणजे गाण्यातले एकट्या गिटारीचे तुकडे, कागदावर छापून आणायचे, बोटं सोलवटेपर्यंत घोटायचे, गॅदरिंगला वाजवायचे. मेटॅलिका आमच्यासाठी बँड होता तितकाच अभ्यासक्रमही होता. ‘सेंट अँगर’मध्ये एकही गिटार सोलो नाही. मुलाला पुस्तक दिलं आणि त्यातले धडेच कोरे निघाले, अशी आमची गत झाली. संगीत वाईट आहे म्हणून आम्ही चिडलो नव्हतो. आम्हाला वाजवायला त्यात काही मिळालं नाही म्हणून चिडलो होतो. हा राग खरा होता, पण तो शिकणाऱ्याचा राग होता आणि आम्ही तो श्रोत्याचा निकाल म्हणून सांगत राहिलो.

इथे थोडं विषयांतर करतो. मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्यात उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीसाठी उरुसात संगीत सभा भरते. आमचा बँकवाला कॉलेजात असल्यापासून तिथे रात्र रात्र बसतो. गायकानं सूर लावायला वेळ घेतला, आवाज तापला नाही, एखादी तान हुकली, तरी तो उठत नाही. ‘थांब, अजून राग उघडायचाय,’ म्हणतो. त्याच माणसानं ‘सेंट अँगर’ला दहा मिनिटं दिली होती. हे त्यानं स्वतःच सांगितलं आणि त्यावर आम्ही बराच वेळ बोललो. ऐकण्याचा धीर माणसाकडे असतो, पण तो तो सगळीकडे खर्च करत नाही. ज्या संगीताबद्दल घरात, गावात, गुरूंकडून आदर मिळालेला असतो, त्याला तो धीर देतो. रॉक संगीत आम्ही पोरांनी एकमेकांकडून उचललेलं. त्याला धीरानं ऐकायचं असतं, हे सांगणारं सांगलीत आमच्यापुढे कोणी नव्हतं.

अल्बम घडला तेव्हा

फेरविचाराला पार्श्वभूमी लागतेच, म्हणून ती थोडक्यात. बेसवादक जेसन न्यूस्टेड जानेवारी २००१ मध्ये बँड सोडून गेला. त्याच वर्षी जुलैमध्ये गायक जेम्स हेटफील्ड दारूच्या व्यसनावर उपचार घ्यायला गेला, काम अर्धवट राहिलं. तो २००२ च्या वसंतात परतला तेव्हा दिवसातून दुपारी बारा ते चार एवढंच काम करायचं, अशी त्याची अट होती. बँडमधली भांडणं सोडवायला फिल टाउल नावाचा समुपदेशक नेमलेला होता, महिन्याला ४० हजार डॉलर देऊन. बेस वाजवला तो निर्माता बॉब रॉक यानं. गाणीही नेहमीच्या पद्धतीनं बांधली नाहीत. सगळे एका खोलीत बसून वाजवत राहिले, त्याचे तास न् तास ध्वनिमुद्रण झालं, आणि त्यातले तुकडे संगणकावर जोडून गाणी उभी केली. शब्दही सगळ्यांनी मिळून लिहिले. एरवी शब्द ही हेटफील्डची खासगी जहागीर असायची. रॉबर्ट ट्रुहिओ बँडमध्ये आला तो २००३ च्या फेब्रुवारीत, ध्वनिमुद्रण आटोपल्यावर. पण अल्बमबरोबर दिलेल्या डीव्हीडीत तो सगळी गाणी बँडबरोबर तालमीत वाजवताना दिसतो.

या सगळ्याचं चित्रण जो बर्लिंजर आणि ब्रूस सिनॉफ्स्की यांच्या २००४ च्या माहितीपटात आहे, आणि माझ्या मते फेरविचारातला सगळ्यात मोठा धोका तिथेच आहे. तो पाहिल्यावर माणूस त्या चौघांना माफ करतो आणि मग अल्बमही माफ होऊन जातो. एखाद्यानं हलाखीत लिहिलं म्हणून कविता चांगली ठरत नाही. आम्ही नियम केला, की माहितीपटातलं काही पुराव्यात धरायचं नाही. आवाज, शब्द, रचना, एवढ्यावर बोलायचं.

ऐकण्याची पद्धत

पद्धत साधी ठेवली. एका बैठकीत तीन-चार गाणीच. फोन जिन्यात ठेवायचे. गाणं संपलं की आधी प्रत्येकानं एक वाक्य लिहायचं, मग बोलायचं, म्हणजे सगळ्यात मोठ्या आवाजाचा माणूस बाकीच्यांना ओढत नाही. प्रत्येक गाणं आधी अल्बममधलं, मग तालमीच्या डीव्हीडीतलं, आणि बँडनं ते पुढे कधी वेगळ्या रूपात वाजवलं असेल तर तेही.

दोन पाहुणे बोलावले. एक अडत्याचा भाचा, वीस वर्षांचा, ज्याला या सगळ्या भांडणाची गंधवार्ता नव्हती. दुसरे मिरजेच्या एका ब्रास बँडमध्ये वर्षानुवर्षं साइड ड्रम वाजवणारे गृहस्थ, ज्यांना आम्ही सगळे मास्तर म्हणतो.

स्नेअर

या अल्बमवरचा सगळ्यात मोठा आरोप स्नेअरचा. स्नेअर ड्रमला दोन कातडी असतात. वरच्यावर काठी पडते, खालच्याला लागून धातूच्या बारीक तारांचा पट्टा ताणलेला असतो. काठी पडली की तारा खालच्या कातड्यावर थरथरतात आणि तो ओळखीचा ‘छक्’ असा आखूड, कोरडा आवाज येतो. कडेला एक खटका असतो. तो ओढला की तारा कातड्यापासून सुटतात आणि ड्रमच्या घेराचा मूळ घणघणाट मोकळा होतो. बँडचा ड्रमवादक लार्स उलरिक यानं ‘सेंट अँगर’ तारा सोडून वाजवला आहे. एकदा तो खटका लावायचा राहून गेला, आवाज आवडला आणि तसाच ठेवला, असं त्यानं पुढे सांगितलेलं आहे.

मास्तरांना आम्ही यातलं काहीच सांगितलं नव्हतं. ‘फ्रँटिक’ सुरू झालं आणि पहिल्या मिनिटातच ते म्हणाले, “खालची तार सोडलीया की ह्यानं.”

“बिघडलाय का ड्रम?” भाच्यानं विचारलं.

“न्हाई, बिघाड न्हाई. मुद्दाम सोडलीया. उघडा वाजवतोय.” मग थोडं ऐकून म्हणाले, “ह्यात एक अडचण हाय बघा. तार लावली की ठोका पडतो आन् संपतो. सोडली की मागं रेंगाळतो. आता ह्यो एवढ्या झपाट्यानं वाजवतोय, तर आधीचा ठोका संपायच्या आत पुढचा येतोय. कानाला विसावा न्हाई.”

मला आजवर या अल्बमवर वाचलेल्या कुठल्याही समीक्षेपेक्षा हे जास्त नेमकं वाटलं. ‘वाईट आवाज’ म्हणून आम्ही वीस वर्षं ज्याला हिणवलं, त्याचं यंत्र त्यांनी उघडून दाखवलं. आणि यातून एक कसोटीही हाती आली. कानाला विसावा न मिळणं हे गाण्याच्या कामाचं आहे का? शीर्षकगीतात आहे. तिथे संथ, जवळजवळ पुटपुटणारा भाग आणि अचानक उसळणारा वेग आळीपाळीनं येतात, आणि उसळी आली की तो घणघणाट डोक्यात हातोडे मारतो. रागावलेल्या माणसाच्या डोक्यात नेमकं तेच चाललेलं असतं. ‘डर्टी विंडो’तही तो शोभतो. पण ‘इनव्हिजिबल किड’ साडेआठ मिनिटं त्याच आवाजात फिरत राहतं आणि तिथे तो नुसता त्रास होतो. एकच आवाज एका गाण्यात अर्थ होतो आणि दुसऱ्यात दोष. अल्बमचा एकत्रित निकाल लावायचा हट्ट सोडल्याशिवाय हे दिसत नाही.

खुद्द हेटफील्डनंही एका मुलाखतीत म्हटलं आहे की ‘सेंट अँगर’मध्ये तो पत्र्याचा स्नेअर थोडा कमी चालला असता, पण असल्या गोष्टीच त्या त्या अल्बमला इतिहासात जागा देतात, असंही त्याच दमात. १९८८ च्या ‘...अँड जस्टिस फॉर ऑल’मध्ये बेस जवळपास ऐकूच येत नाही. तो दोष आम्ही कधीच माफ केला आहे, कारण त्या अल्बमवर आमचं आधीपासून प्रेम होतं. स्नेअरला मात्र माफी नाही. हा दुजाभाव आमच्यातल्या पुणेकरानं दाखवून दिला आणि त्यावर कोणाकडे उत्तर नव्हतं.

काही वर्षांपूर्वी चाहत्यांनीच हा अख्खा अल्बम नव्यानं वाजवून ध्वनिमुद्रित केला, नेहमीसारखा स्नेअर लावून, काटछाट करून. आम्ही तोही ऐकला. रिफ, म्हणजे गिटारीचे पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे, किती भक्कम आहेत ते त्यात स्वच्छ कळतं, आणि त्यासाठी तो फार उपयोगी आहे. पण सगळं इस्त्री केल्यासारखं सरळ झालं आहे. मूळ अल्बममध्ये माणसं एकमेकांना धडकताना ऐकू येतात. इथे ती शिस्तीत उभी आहेत. मी मूळ बाजूला आहे.

सोलो आणि लांबी

सोलो नसण्याचा सल आता कोणालाच उरला नव्हता. आम्ही आता गिटार घोटत नाही, एवढंच त्याचं कारण असेल तर तो फेरविचार नव्हे, नुसता विसर. म्हणून हा मुद्दा वेगळा तपासला: सोलो असता तर कुठे असता? ‘सम काइंड ऑफ मॉन्स्टर’मध्ये आम्ही जागा शोधल्या, आणि जागा आहेत. तिथे गाणं एका रिफवर थांबून राहतं, पुढे जायची वाट पाहतं आणि पुढे जात नाही. हॅमेटचंच तेव्हा म्हणणं होतं की सोलो न ठेवणं हीसुद्धा त्या काळाची फॅशनच आहे आणि त्यानं अल्बमवर त्या वर्षाचा शिक्का बसेल. माझ्या मते तो बरोबर होता. नू-मेटल या त्या काळी गाजणाऱ्या मेटलच्या प्रकाराची छाया या निर्णयावर आहे आणि ती आज झाकत नाही. हा दोष आमच्या यादीत कायम राहिला.

लांबीवर मात्र सगळ्यात खोल बोलणं झालं, आणि ते आलं अनपेक्षित बाजूनं. आमच्यातल्या एकाच्या थोरल्या भावाला मधल्या वर्षांत व्यसनमुक्ती केंद्रात ठेवावं लागलं होतं. ‘ऑल विदिन माय हँड्स’ संपल्यावर त्यानं कागदावर लिहिलं: “बरा होत असताना दादा असाच बोलायचा. तेच वाक्य. पुन्हा तेच. आपण ऐकून घ्यायचं असतं.” कोणी काही बोललं नाही. मग त्यानं सांगितलं, की सुरुवातीला घरच्यांना वाटायचं, हा विषय बदलत का नाही, पुढे जात का नाही. केंद्रातल्या ताईंनी समजावलं होतं की जे आधी दारूत बुडवलं जायचं, ते आता शब्दांत बाहेर येतंय, आणि त्याला अजून दुसरे शब्द सापडलेले नाहीत.

अल्बमच्या शब्दांवर ‘शाळकरी’, ‘वहीत खरडलेले’ असा आरोप कायम होत आला. एकोणिसाव्या वर्षी आम्हीही तेच म्हणालो होतो. हेटफील्डच्या जुन्या, घासूनपुसून बसवलेल्या ओळी आम्हाला पाठ होत्या आणि त्यापुढे हे कच्चं वाटलं. कच्चं आहेच. पण उपचाराच्या काळातली भाषा कच्ची असते, हे आम्हाला तेव्हा माहीत असण्याचं कारण नव्हतं. ‘स्वीट अँबर’मधला दारूचा मोह आणि चीड, ‘द अननेम्ड फीलिंग’मधली नाव न देता येणारी धास्ती, या गोष्टींना चाळिशीत चेहरे मिळालेले असतात. म्हणून मी असं म्हणेन की अल्बम बदलला नाही, हे खरं असलं तरी आमचे आताचे कानच बरोबर आणि तेव्हाचे चूक, असं मात्र नाही. तेव्हाच्या कानांनी रचनेतली सैल जागा बरोबर पकडली होती. आताचे कान त्या सैलपणातून काय बोललं जातंय ते पकडतात. दोन्ही नोंदी ठेवाव्या लागतील.

आणि हा युक्तिवाद सगळ्या गाण्यांना लावता येत नाही. ‘प्युरिफाय’ कितीही सहानुभूतीनं ऐकलं तरी मला त्यात आवेशाखेरीज काही सापडलं नाही.

निर्णायक पुरावा

रचनाच मुळात कमकुवत होती का, याचं उत्तर बँडनंच देऊन ठेवलं आहे. ‘ऑल विदिन माय हँड्स’ हे अल्बमचं शेवटचं गाणं, पावणेनऊ मिनिटांचं, आरडाओरड्यात संपणारं. २००७ मध्ये ब्रिज स्कूलच्या मदतनिधी कार्यक्रमात त्यांनी ते अकूस्टिक गिटारींवर, शांतपणे वाजवलं. २०१७ मध्ये आपल्या धर्मादाय संस्थेला त्यांनी याच गाण्याचं नाव दिलं. पुढे २०१९ च्या सप्टेंबरात सॅन फ्रान्सिस्को सिंफनीबरोबरच्या मैफलीत तेच गाणं वाद्यवृंदासह आलं. गाणं तेच. शब्द बरेचसे तेच. पण मूळ गाण्यात जो माणूस सगळं मुठीत आवळून धरतो आणि त्यातच ते चिरडून टाकतो, तो इथे आपल्या मुठीकडे पाहतो आहे.

आम्ही तिन्ही रूपं लागोपाठ ऐकली. बँकवाला, जो सुरुवातीपासून सगळ्यात कडक होता, तिसरं रूप संपल्यावर म्हणाला, “म्हणजे बंदिश चांगली होती. मांडणीनं घात केला.” त्याच्या तोंडून बंदिश हा शब्द येणं म्हणजे त्यानं या गाण्याला दर्ग्याच्या रात्रीचा धीर दिला होता.

यावर भाच्यानं आक्षेप घेतला, आणि तो मला अजून सतावतो आहे. “मामा, तुम्हाला ते गाणं गोड झाल्यावर आवडलं. मला पहिलंच आवडलं. नंतरचं छान आहे, पण त्यात तो माणूस बरा झालेला आहे. पहिल्यात तो बरा झालेला नाही.” त्याला माहितीपट ठाऊक नव्हता, फिल टाउल ठाऊक नव्हता, दादाची गोष्टही त्या दिवशी तो खोलीत नसताना झाली होती. स्नेअरचा त्याला मुळीच त्रास झाला नाही. तो जे नवं संगीत ऐकतो त्यात यापेक्षा खरबरीत आवाज सर्रास असतात, असं म्हणाला.

निष्पत्ती

शेवटच्या बैठकीत प्रत्येकानं ठेवायची गाणी लिहून काढली. ‘फ्रँटिक’, शीर्षकगीत, ‘डर्टी विंडो’, ‘द अननेम्ड फीलिंग’ आणि ‘ऑल विदिन माय हँड्स’ ही पाच सगळ्यांच्या यादीत होती. ‘सम काइंड ऑफ मॉन्स्टर’ आणि ‘स्वीट अँबर’ बहुतेकांच्या. बाकीची चार गाणी कमी असती तर हा अल्बम बराच बळकट झाला असता, असं माझं मत आहे. भौतिकशास्त्रवाला यातलं काहीच मानत नाही. त्याच्या मते स्पीकर बदलले, आमची वयं बदलली, पण मिक्सिंगचा निर्णय चुकीचा होता तो चुकीचाच आहे आणि आम्ही आठवणींवर भाळलो आहोत. त्याचा निकाल २००३ चाच राहिला आहे, फरक इतकाच की आता तो अख्खा अल्बम ऐकून दिलेला आहे, आणि मी त्याचा पूर्ण आदर करतो.

‘इनव्हिजिबल किड’वरून मात्र भाचा आणि मी यांच्यात अजून जुंपलेली आहे. त्यानं त्याची साडेआठ मिनिटांतली नेमकी कुठली जागा बघायची ते मला लिहून पाठवलं आहे, आणि मास्तरांनाही ती ऐकवायला सांगितली आहे.